विश्लेषण : अमेरिकेतील ‘सँक्च्युअरी’ शहरे ट्रम्प यांच्या स्थलांतरितविरोधी मोहिमेला अडवतात म्हणजे नेमके काय करतात?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहरात जानेवारी २०२६ मध्ये अवघ्या १७ दिवसांच्या अंतराने केंद्रीय स्थलांतर अधिकाऱ्यांच्या गोळीबारात दोन अमेरिकी नागरिकांचा मृत्यू झाला. बेकायदा स्थलांतरितांना पकडण्यासाठी तेव्हा त्या भागात सुमारे तीन हजार केंद्रीय अधिकारी तैनात होते. महापौर जेकब फ्रे आणि गव्हर्नर टिम वॉल्झ यांनी हे अधिकारी परत बोलवा अशी मागणी केली, तर ट्रम्प प्रशासनाने शहराच्या असहकारामुळेच ही वेळ आल्याचा प्रत्यारोप केला. परिस्थिती हाताबाहेर जाऊ लागल्यावर ट्रम्प यांनी आपले ‘बॉर्डर झार’ टॉम होमन यांना तेथे पाठवले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला होमन यांनी ७०० अधिकारी मागे घेत असल्याचे जाहीर केले. त्याचे कारण म्हणून त्यांनी काउंटी तुरुंगांकडून मिळू लागलेल्या सहकार्याचा दाखला दिला.

या दाखल्यातच सगळ्या वादाचे मर्म आहे. वरवर पाहता हा संघर्ष रस्त्यावरचा दिसतो. प्रत्यक्षात तो स्थानिक तुरुंगाच्या दारावरचा आहे. केंद्राच्या कायद्याची अंमलबजावणी करण्यासाठी शहराचा पोलीस, काउंटीचा शेरीफ आणि तुरुंगाची कोठडी वापरायची की नाही, हे कोणी ठरवायचे? गेली चार दशके अमेरिकेत हा प्रश्न धुमसतो आहे आणि ट्रम्प यांच्या दुसऱ्या कार्यकाळात तो टोकाला पोहोचला आहे.

‘सँक्च्युअरी सिटी’ म्हणजे नेमके काय?

‘सँक्च्युअरी’ म्हणजे अभयस्थान. त्यामुळे या शहरांत बेकायदा स्थलांतरितांना अटकच होऊ शकत नाही, असा समज होतो. तो चुकीचा आहे. अमेरिकेतील कोणतेही शहर वा राज्य ‘इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट’ म्हणजेच ‘आइस’ या केंद्रीय यंत्रणेला आपल्या हद्दीत कारवाई करण्यापासून रोखू शकत नाही. स्थलांतर हा केंद्राच्या अखत्यारीतील विषय आहे.

‘सँक्च्युअरी सिटी’ अशी कायद्यात व्याख्याही नाही. स्थानिक धोरणांच्या एका गटाला दिलेले हे ढोबळ नाव आहे. त्यात साधारणपणे पुढील गोष्टी येतात. शहराच्या पोलिसांनी वा कर्मचाऱ्यांनी कोणाचेही स्थलांतरविषयक कागदपत्र तपासायचे नाही. ‘आइस’ने विनंती केली म्हणून सुटकेस पात्र असलेल्या व्यक्तीला तुरुंगात अधिक काळ डांबून ठेवायचे नाही. कैदी कधी सुटणार याची माहिती ‘आइस’ला परस्पर द्यायची नाही. न्यायाधीशाचे वॉरंट असल्याशिवाय ‘आइस’च्या अधिकाऱ्यांना तुरुंगाच्या आतल्या भागात प्रवेश द्यायचा नाही. प्रत्येक ठिकाणी या सगळ्याच अटी असतात असे नाही. कॅलिफोर्नियाच्या २०१७ च्या कायद्यात गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांबाबत सहकार्याची मुभा आहे. काही शहरांत नियम याहून कडक आहेत, तर काही ठिकाणी नावापुरते.

थोडक्यात, ही धोरणे ‘आम्ही तुम्हाला अडवणार नाही, पण तुमचे काम आम्ही करणार नाही’ अशा स्वरूपाची आहेत.

वाद तुरुंगाच्या दारातच का अडतो?

यासाठी अटकेनंतर काय होते ते पाहावे लागेल. दारू पिऊन वाहन चालवल्याबद्दल स्थानिक पोलिसांनी एखाद्याला अटक केली की त्याच्या बोटांचे ठसे घेतले जातात. ते ‘एफबीआय’कडे जातात आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘सिक्युअर कम्युनिटीज’ कार्यक्रमापासून ते तेथून अंतर्गत सुरक्षा विभागाच्या नोंदींशीही ताडले जातात. ही व्यवस्था सँक्च्युअरी शहरांतही आहे. म्हणजे स्थानिक प्रशासनाची इच्छा असो वा नसो, अटक झालेल्या परदेशी व्यक्तीची माहिती केंद्राला मिळतेच.

नोंद जुळली की ‘आइस’ तुरुंगाला एक पत्र पाठवते. त्याला ‘डिटेनर’ म्हणतात. या व्यक्तीची सुटका होणार असेल तर आम्हाला कळवा आणि आम्ही ताब्यात घेईपर्यंत तिला आणखी ४८ तासांपर्यंत ठेवा, असे त्यात म्हटलेले असते. हा आदेश नसून विनंती आहे, असे फिलाडेल्फियास्थित केंद्रीय अपिली न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी ओरेगॉनमधील एका केंद्रीय न्यायालयाने केवळ डिटेनरच्या आधारे एका महिलेला डांबून ठेवणाऱ्या काउंटीलाच दोषी ठरवले. सुटकेस पात्र असलेल्या माणसाला पुन्हा अडकवणे ही नवी अटक होते आणि न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय अशी अटक करणे हे राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीचे उल्लंघन ठरते, असा त्याचा अर्थ होता. ‘आइस’ डिटेनरसोबत जे वॉरंट जोडते त्यावर न्यायाधीशाची नव्हे, तर ‘आइस’च्याच अधिकाऱ्याची सही असते.

या निकालांनंतर अनेक काउंटींनी डिटेनर पाळणे बंद केले. त्यामागे राजकीय भूमिकेइतकीच नुकसानभरपाईची भीतीही होती. डिटेनर ‘आइस’चे, पण खटला हरल्यास पैसे भरायचे काउंटीने, असा हा हिशेब आहे. मिनेसोटातही राज्याचे अॅटर्नी जनरल कीथ एलिसन यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याच्या कायद्यानुसार केवळ डिटेनरवर कोणाला डांबून ठेवता येणार नाही, असे मत दिले होते.

ही धोरणे आली कुठून?

आज हा वाद डेमोक्रॅट विरुद्ध रिपब्लिकन असा दिसत असला तरी त्याची सुरुवात तशी नव्हती. लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी १९७९ मध्ये ‘विशेष आदेश क्र. ४०’ काढला. केवळ स्थलांतराचा दर्जा जाणून घेण्यासाठी पोलिसांनी कोणाला हटकू नये, असे त्यात म्हटले होते. गेट्स हे उदारमतवादी म्हणून ओळखले जात नव्हते, उलट कठोर पोलीस अधिकारी अशीच त्यांची ख्याती होती. गुन्ह्याचे साक्षीदार आणि बळी पोलिसांकडे यायला घाबरू नयेत, हा त्यामागचा व्यावहारिक विचार होता.

१९८० च्या दशकात एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातील यादवीतून पळून आलेल्या लोकांना अमेरिकी सरकार आश्रय नाकारत होते. अॅरिझोनातील टूसॉनमधल्या चर्चपासून त्यांना आसरा देण्याची चळवळ सुरू झाली. ‘सँक्च्युअरी’ हा शब्द तेथून आला. १९८५ मध्ये शिकागोचे महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांनी, तर १९८९ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर एड कॉच यांनी असे आदेश काढले. १९८९ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोने ‘आश्रयनगरी’चा नियम केला. ओरेगॉनने १९८७ मध्ये राज्यपातळीवर कायदा केला.

न्यूयॉर्कचे नंतरच्या काळातील महापौर रुडी ज्युलियानी रिपब्लिकन होते आणि नंतर ते ट्रम्प यांचे वकील झाले. पण महापौर असताना त्यांनी कॉच यांचा आदेश कायम ठेवला. १९९६ मध्ये काँग्रेसने स्थानिक सरकारांना स्थलांतरविषयक माहिती केंद्रापासून रोखता येणार नाही असा कायदा केला, तेव्हा त्याविरोधात ज्युलियानींच्या प्रशासनानेच न्यायालयात धाव घेतली. तो खटला ते हरले. इलिनॉयमध्ये २०१७ साली डिटेनरवर निर्बंध घालणाऱ्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर ब्रूस राउनर हेही रिपब्लिकनच होते.

राज्यघटना काय सांगते?

अमेरिकी राज्यघटनेच्या दहाव्या दुरुस्तीनुसार केंद्राला स्पष्टपणे न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. यातून सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व विकसित केले. केंद्र स्वतःचे कायदे स्वतःच्या यंत्रणेमार्फत राबवू शकते, पण राज्यांच्या अधिकाऱ्यांना त्यासाठी जुंपू शकत नाही.

या तत्त्वाचा इतिहास लक्षवेधी आहे. १८४२ मधील ‘प्रिग विरुद्ध पेनसिल्व्हेनिया’ खटला पळून आलेल्या गुलामांना परत पाठवण्याबाबतचा होता. निकाल गुलाममालकांच्या बाजूने लागला. मात्र केंद्राचा कायदा राबवण्यासाठी राज्यांना आपले अधिकारी देण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी त्यात नमूद केले. त्यानंतर उत्तरेकडील अनेक राज्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना व तुरुंगांना या कामात सहभागी होण्यास मनाई केली.

आधुनिक काळातील महत्त्वाचा निकाल १९९७ चा. बंदूक खरेदीदारांची पार्श्वभूमी स्थानिक पोलीसप्रमुखांनी तपासावी, अशी तरतूद क्लिंटन यांच्या काळातील ‘ब्रेडी’ कायद्यात होती. त्याला मोंटाना आणि अॅरिझोनातील दोन शेरीफांनी आव्हान दिले. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांची बाजू उचलून धरली. निकालपत्र लिहिले होते पुराणमतवादी न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी. बंदुकांच्या समर्थकांनी मिळवलेले हेच संरक्षण आज शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को वापरत आहेत.

भारतीय वाचकांना हे वेगळे वाटेल. आपल्याकडे पोलीस राज्यांच्या अखत्यारीत असले तरी अनुच्छेद २५६ नुसार संसदेचे कायदे पाळले जातील अशा रीतीने राज्यांनी कारभार करणे बंधनकारक आहे आणि केंद्र तसे निर्देश देऊ शकते. अनुच्छेद २५८ नुसार केंद्राला आपली कामे राज्यांच्या यंत्रणेवर सोपवताही येतात. परदेशी नागरिकांवरील कारवाई आपल्याकडे प्रामुख्याने राज्यांचे पोलीसच करतात, ते यामुळेच. अमेरिकेच्या घटनेत असा आदेश देण्याची सोय नाही.

ट्रम्प प्रशासनाने काय केले?

आदेश देता येत नाही म्हटल्यावर उरतात ते तीन मार्ग. निधी रोखणे, खटले भरणे आणि केंद्राचे मनुष्यबळ थेट शहरांत उतरवणे. ट्रम्प यांनी तिन्ही वापरले.

२० जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्याच दिवशी काढलेल्या आदेशात सँक्च्युअरी ठिकाणांचा केंद्रीय निधी रोखण्याची सूचना होती. एप्रिलमध्ये अशा ठिकाणांची यादी करण्याचा आदेश निघाला. मेअखेरीस अंतर्गत सुरक्षा विभागाने ५०० हून अधिक नावांची यादी जाहीर केली. तिच्यात ट्रम्प समर्थक काउंटीही होत्या. शेरीफांच्या राष्ट्रीय संघटनेनेच आक्षेप घेतल्यावर ती काही दिवसांत संकेतस्थळावरून हटवावी लागली. ऑगस्टमध्ये न्याय विभागाने बरीच छोटी यादी प्रसिद्ध केली. त्यात कॅलिफोर्निया, इलिनॉय, न्यूयॉर्क, मिनेसोटा आदी डझनभर राज्ये आणि काही मोठी शहरे होती.

दरम्यान, जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या अर्थविषयक कायद्याने स्थलांतरविषयक अंमलबजावणीसाठी सुमारे १७० अब्ज डॉलरची तरतूद केली. त्यापैकी ४५ अब्ज डॉलर केवळ स्थानबद्धता केंद्रांसाठी आहेत. स्थानिक पोलीस मदत करणार नसतील तर केंद्राने स्वतःचीच फौज उभी करायची, असा त्याचा अर्थ. सँक्च्युअरी शहरांत अधिक अधिकारी पाठवू, असे होमन वारंवार सांगत होते. जूनमध्ये लॉस एंजेलिस, सप्टेंबरपासून शिकागो आणि डिसेंबरपासून मिनियापोलिस अशा क्रमाने ते घडले. लॉस एंजेलिसमध्ये तर सुमारे चार हजार नॅशनल गार्ड आणि ७०० मरीन सैनिक पाठवण्यात आले. गव्हर्नरने मागणी केलेली नसताना अध्यक्षांनी एखाद्या राज्यात नॅशनल गार्ड उतरवण्याचा याआधीचा प्रसंग १९६५ मधला, अलाबामातील नागरी हक्क मोर्चाच्या संरक्षणासाठीचा होता.

न्यायालयांत कोणाची सरशी झाली?

असहकाराच्या मूळ प्रश्नावर शहरांची बाजू बऱ्यापैकी भक्कम ठरली आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील केंद्रीय न्यायाधीश विल्यम ऑरिक यांनी एप्रिल २०२५ मध्ये निधी रोखण्यास मनाई केली. २०१७ मध्येही त्यांनीच असा आदेश दिला होता. खर्चाला अटी घालण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे, अध्यक्षांचा नाही, हे त्यामागचे मुख्य सूत्र. इलिनॉय आणि शिकागोविरुद्धचा न्याय विभागाचा खटला जुलै २०२५ मध्ये दहाव्या दुरुस्तीच्या आधारेच फेटाळण्यात आला. नॅशनल गार्डबाबतही डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिकागोत तैनातीला परवानगी नाकारली आणि त्यानंतर ट्रम्प यांनी शिकागो, लॉस एंजेलिस व पोर्टलँडमधून गार्ड मागे घेण्याची घोषणा केली.

मात्र केंद्रीय अधिकारी रस्त्यावर काय करतात, यावर स्थानिक सरकारांना फारसे नियंत्रण मिळालेले नाही. लॉस एंजेलिस परिसरात वंश, भाषा, कामाचे ठिकाण अशा निकषांवर लोकांना हटकण्यास कनिष्ठ न्यायालयाने मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये त्या मनाईला स्थगिती दिली. शहराला आपला पोलीस राखून ठेवता येतो, पण केंद्राच्या अधिकाऱ्याला आवर घालता येत नाही, असे दुहेरी चित्र यातून तयार झाले.

ट्रम्प समर्थकांचा युक्तिवाद काय?

त्यांचा सर्वांत प्रबळ मुद्दा तुरुंगाशीच संबंधित आहे. तुरुंगात असलेला माणूस नि:शस्त्र असतो, त्याची ओळख पटलेली असते. तेथेच त्याचा ताबा मिळाला तर एक-दोन अधिकारी पुरतात. त्याला सोडून दिले तर त्याच्या घराजवळ किंवा कामाच्या ठिकाणी मोठे पथक पाठवावे लागते आणि त्यात अधिकारी, शेजारी, मुले साऱ्यांनाच धोका असतो. शिवाय अशा कारवाईत ज्याचा शोध नव्हता असे लोकही सापडतात.

याला एका घटनेची पार्श्वभूमी आहे. जुलै २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरावर फिरायला आलेल्या एका तरुणीचा गोळी लागून मृत्यू झाला. गोळी झाडणाऱ्या व्यक्तीची यापूर्वी पाच वेळा मायदेशी रवानगी झाली होती आणि काही महिन्यांपूर्वीच ‘आइस’चे डिटेनर असतानाही शेरीफ कार्यालयाने त्याला सोडले होते. गोळी आधी जमिनीवर आदळून उडाल्याचे खटल्यात पुढे आले आणि २०१७ मध्ये ज्युरीने त्याला हत्येच्या आरोपातून मुक्त केले. पण ‘एक फोन केला असता तर ती वाचली असती’ हा प्रश्न राजकारणातून गेला नाही. ट्रम्प यांच्या पहिल्या प्रचारमोहिमेत तो केंद्रस्थानी होता.

दुसरा मुद्दा खर्चाचा. टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग अॅबट यांनी एप्रिल २०२२ पासून सीमेवर आलेल्या एक लाखाहून अधिक स्थलांतरितांना बसमध्ये बसवून वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, शिकागो, डेन्व्हर येथे पाठवले. स्वागताची भाषा करणाऱ्या शहरांनी आता भार उचलावा, असा त्यांचा डाव होता. तो लागू पडला. निवाऱ्यांवरील खर्चाने न्यूयॉर्कचे तत्कालीन डेमोक्रॅट महापौर एरिक अॅडम्स इतके हैराण झाले की हा प्रश्न शहर उद्ध्वस्त करील, असे ते २०२३ मध्ये जाहीरपणे म्हणाले. स्थलांतरितांबाबत उदार असलेल्या मतदारांतही त्यामुळे नाराजी पसरली.

स्थानिक प्रशासनांचे म्हणणे काय?

गेट्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला मुद्दाच आजही मुख्य आहे. पोलीस आणि ‘आइस’ एकच आहेत असे वाटू लागले की घरगुती मारहाण झालेली स्त्री फोन करत नाही, लुटला गेलेला दुकानदार तक्रार देत नाही, खुनाचा साक्षीदार पुढे येत नाही. अनेक कुटुंबांत आई-वडील बेकायदा आणि मुले जन्माने अमेरिकी नागरिक असतात. त्यामुळे ही भीती केवळ कागदपत्रे नसलेल्यांपुरती राहत नाही.

याबाबत अभ्यासही झाले आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक डेव्हिड हौसमन यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सँक्च्युअरी धोरणांमुळे त्या काउंटींमधील परत पाठवणीचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे, पण गुन्हेगारीवर त्याचा मोजता येईल असा परिणाम न झाल्याचे त्यात आढळले. हिंसक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांच्या परत पाठवणीतही घट दिसली नाही. म्हणजे ही धोरणे प्रामुख्याने किरकोळ गुन्ह्यांत अडकलेल्यांना वाचवतात, असा निष्कर्ष निघतो. अर्थात किरकोळ गुन्हा असला तरी बेकायदा राहणाऱ्याला का वाचवावे, हा विरोधकांचा प्रश्न आकडेवारीने मिटणारा नाही.

सगळीच स्थानिक सरकारे विरोधात आहेत का?

मुळीच नाही. १९९६ च्या स्थलांतर कायद्यातील ‘२८७ (जी)’ या कलमानुसार स्थानिक पोलिसांना प्रशिक्षण देऊन स्थलांतरविषयक अधिकार देण्याचे करार करता येतात. ट्रम्प दुसऱ्यांदा सत्तेवर आले तेव्हा असे सुमारे १३५ करार होते. सप्टेंबर २०२५ पर्यंत ही संख्या हजारावर गेली. त्यात फ्लोरिडा आघाडीवर आहे.

टेक्सासने तर २०१७ मध्येच कायदा करून आपल्या शहरांना सँक्च्युअरी धोरणे आखण्यास मनाई केली. डिटेनर न पाळणाऱ्या शेरीफला पदावरून हटवण्याची तरतूद त्यात आहे. सीमेवरील एल सेनिझो या छोट्या गावासह ऑस्टिन, ह्यूस्टन, सॅन अँटोनियो या शहरांनी त्याला आव्हान दिले, पण अपिली न्यायालयाने २०१८ मध्ये कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरवला. दहावी दुरुस्ती राज्याला केंद्रापासून संरक्षण देते, शहराला स्वतःच्या राज्यापासून नाही. त्यामुळे ‘स्थानिक स्वायत्तता’ हा मुद्दा कॅलिफोर्नियात डेमोक्रॅट मांडतात, तर टेक्सासमध्ये त्याच मुद्द्यावर त्यांचे महापौर हरतात.

असहकार कुठे संपतो, अडथळा कुठे सुरू होतो?

मदत न करणे हा हक्क आहे, पण केंद्रीय अधिकाऱ्याच्या कामात अडथळा आणणे हा गुन्हा आहे. ही रेषा किती बारीक आहे ते मिलवॉकीच्या काउंटी न्यायाधीश हॅना डुगन यांच्या प्रकरणात दिसले. न्यायालयाबाहेर ‘आइस’चे पथक थांबले असताना एका आरोपीला दुसऱ्या दाराने जाऊ दिल्याबद्दल एप्रिल २०२५ मध्ये त्यांना अटक झाली आणि डिसेंबरमध्ये ज्युरीने त्यांना कामात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरवले. लपवून ठेवल्याच्या आरोपातून मात्र त्यांची सुटका झाली.

काही स्थानिक सरकारे आता असहकाराच्या एक पाऊल पुढे जात आहेत. शिकागोचे महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये शहराच्या मालकीच्या जागा ‘आइस’ला कारवाईचा तळ म्हणून वापरण्यास मनाई केली. कॅलिफोर्नियाने केंद्रीय अधिकाऱ्यांनी कारवाईवेळी चेहरा झाकण्यावर बंदी घालणारा कायदा केला आणि केंद्राने लगेच त्याला आव्हान दिले. अशा पावलांना दहाव्या दुरुस्तीचा आधार तितकासा मिळत नाही. राज्य आपल्या अधिकाऱ्यांना काय करू नये ते सांगू शकते, मात्र केंद्राच्या अधिकाऱ्यांना सांगू लागले की केंद्रीय कायद्याच्या श्रेष्ठतेचे तत्त्व आडवे येते.

भारतीयांशी याचा संबंध काय?

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला आणले गेले, तेव्हा त्यात गुजरात, हरियाणा आणि पंजाबमधील लोक बहुसंख्य होते. तिघे महाराष्ट्रातील होते. अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या भारतीयांच्या संख्येबाबत अंदाजांत मोठी तफावत आहे. ‘प्यू रिसर्च सेंटर’ने २०२१ साठी ती सव्वासात लाख मानली, तर अंतर्गत सुरक्षा विभागाने २०२२ साठी दोन लाख २० हजार.

कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्यांनी मात्र ‘सँक्च्युअरी’ शब्दावर विसंबून राहू नये. बोटांचे ठसे सर्वच शहरांतून केंद्राकडे जातात. एप्रिल २०२५ मध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी पोलिसांच्या राष्ट्रीय माहितीसाठ्याशी ताडून अचानक रद्द करण्यात आल्या. अनेकांच्या नावावर वाहतूक नियमभंगासारखी किरकोळ किंवा निकाली निघालेली प्रकरणे होती. त्यात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. खटले दाखल झाल्यावर सरकारने नोंदी पूर्ववत केल्या. राज्य सँक्च्युअरी आहे की नाही याने त्या विद्यार्थ्यांना काहीच फरक पडला नाही. १८ वर्षांवरील परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा, हा केंद्रीय नियमही सर्वत्र सारखाच लागू आहे.

पुढे काय?

काँग्रेसने स्पष्ट कायदा करून निधीला वाजवी अटी जोडल्या तर शहरांची कोंडी होऊ शकते, कारण न्यायालयांनी निधी रोखण्याला हरकत घेतली ती प्रामुख्याने अध्यक्षांनी परस्पर तसे केल्याबद्दल. मात्र सिनेटमध्ये त्यासाठी लागणारी ६० मते रिपब्लिकनांकडे नाहीत. नोव्हेंबर २०२६ मधील मध्यावधी निवडणुकीत हा मुद्दा दोन्ही पक्षांच्या प्रचारात राहील.

मिनियापोलिसने एक व्यवहार समोर आणला आहे. तुरुंगाचे दार जितके उघडेल, तितके रस्त्यावरचे अधिकारी कमी होतील, असा तो आहे. काही काउंटींना तो मान्य होईल. पण यात शेरीफांपुढील जुना पेच सुटत नाही. दार उघडले तर चौथ्या दुरुस्तीखाली खटला आणि स्थलांतरितांच्या वस्त्यांतला विश्वास गमावण्याची भीती, बंद ठेवले तर शाळेच्या आणि दुकानाच्या दारात केंद्राची पथके. केंद्राला आदेश देता येत नाही म्हणून हा दबाव आहे आणि शहराला केंद्राचे पथक थांबवता येत नाही म्हणून तो परिणामकारक आहे. न्यायालये यापैकी पहिल्या बाबीची हमी देतील, पण दुसरीवर त्यांच्याकडे सध्या तरी उत्तर दिसत नाही.